हाताचं कारण

दुपारच्या सुट्टीत चारुलता संत्रं सोलत होती आणि टेबलावरचा मोबाइल थरथरला. ‘तुझ्यासाठी एक झकास वाक्य टाकलंय. आजपासून घेऊ.’ योगराजसरांचा निरोप. खाली नव्या संवादाचा फोटो, आणि त्याच्याखाली टाळ्या वाजवणारे पिवळे हात. तिनं संत्रं डाव्या हाताच्या टोकाशी आणि छातीशी दाबून धरलं होतं. तो हात कोपराच्या जरा खाली येऊन संपतो. जन्मापासून तेवढाच आहे. उजव्या अंगठ्यानं साल ओढता ओढता तिनं फोटो मोठा करून वाचला. वकील विचारतो, ‘आक्का, हाताला काय झालं तुमच्या?’ आणि आक्का म्हणते, ‘जिनिंग उभं केलं तेव्हा मशीननं पहिला घास माझ्याच हाताचा घेतला, वकीलसाहेब.’ संत्र्याच्या सालीतला रस डोळ्यात उडाला. विमा कार्यालयातल्या पंख्याखाली ती डोळा मिटून बसून राहिली. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, काही नाही, संत्रं. पण काहीतरी झालं होतं. महिनाभर ती आक्का होती. सरकीचा भाव पाडणारी, मुनिमाला दारात उभं ठेवणारी, मुलगा गेल्यावर तेराव्यालाच सुनेची सही मागणारी कापसाच्या जिनिंगची मालकीण. आक्काला हाताचं काही नव्हतं. आक्काला वेळच नव्हता. आणि आता कुणीतरी येऊन आक्काच्या खांद्यावर हळूच हात ठेवून विचारलं होतं, बाई गं, हे कशानं?

खरं तर ही भूमिका तिच्याकडे चुकूनच आली होती. योगराजसर कॉलेजात मराठी शिकवतात आणि दरवर्षी स्पर्धेसाठी जळगावातल्या हौशी मंडळींना जमवून एक नाटक बसवतात. बहुतेक वेळा स्वतःच लिहितात. चारुलता त्यांच्याकडे बारा-पंधरा वर्षं आहे, पण विंगेत. प्रॉम्प्टिंग करायचं, विंगेतून आवाज द्यायचा, कुणाचा पदर टाचायचा. आवाज तिचा चांगला, म्हणून देवळातली आकाशवाणी, फोनवरची बहीण, मेलेली आई, सगळ्या तिच्याच. रंगमंचावर ती आली होती ती भिकारीण म्हणून, गॅदरिंगमध्ये; आणि मग दिव्यांग दिनाच्या पथनाट्यात, सलग काही वर्षं, शेवटी हात वर करून ‘आम्हीही माणसं आहोत’ म्हणायला. ते वाक्य म्हणताना तिला दर वेळी वाटायचं, नाही असं कोण म्हणालं होतं? यंदा आक्का करणाऱ्या बाईंची नाशिकला बदली झाली आणि दुसरी मिळेपर्यंत चारुलता नुसती वाचत होती. सुनेला घराबाहेर काढण्याचा प्रवेश वाचून संपला तेव्हा सून करणारी मोहिनी, बीएडची मुलगी, खरंच घाबरून भिंतीला लागली होती. सर म्हणाले, ‘संपलं. आता दुसरी शोधायची नाही.’ त्या रात्री चारुलता जेवली नव्हती. भूकच लागली नव्हती इतकं पोट भरलं होतं.

सरांचाही राग येईना, हीच अडचण. राग आला असता तर बरं झालं असतं. रिक्षात बसून तालमीला जाताना तिला सरांचा तो सैनिक आठवला. मागे एका नाटकात ते एक हात गमावलेला सैनिक झाले होते. हात शर्टाच्या आत पोटाशी बांधायचा. बांधायला चारुलताच होती. एका हातानं बटण कसं लावतात, काडी कशी पेटवतात, हे त्यांनी तिच्याकडे बघून बघून घेतलं होतं, मन लावून, विद्यार्थ्यासारखं. त्या कामाला रौप्यपदक मिळालं. पडदा पडल्यावर त्यांनी शर्टातून हात बाहेर काढला, झटकला आणि म्हणाले, ‘मुंग्या आल्या यार!’ सगळे हसले. तीही हसली होती. पण त्यांनी तो हात बाहेर काढला तेव्हा, ते अगदी साधं, टोपी काढून ठेवावी तसं काढणं, ते तिच्या डोळ्यांपुढून हलेना. त्या नाटकात सैनिकाच्या हाताची एक मोठी गोष्ट होती. बर्फ, स्फोट, मित्राचं प्रेत. हात नसला की गोष्ट लागते. गोष्ट नसलेला हात लोकांना सोसत नाही. बसमध्ये शेजारी बसलेली बाई शिरपूर येईपर्यंत कळ काढते आणि मग विचारतेच. लहानपणी चारुलता दर वेळी वेगळं सांगायची. तापीत मगरीनं नेला. उसाच्या चरकात गेला. विजेच्या तारेला लागला. ऐकणाऱ्याचा चेहरा सैल व्हायचा, जीव भांड्यात पडायचा. ‘जन्मापासून’ म्हटलं की मात्र चेहरा आवळायचा, आणि नजर तिच्यावरून उठून सरळ तिच्या आईकडे जायची.

कारण आईनं ग्रहणात भाजी चिरली होती. दोंडाईच्याजवळच्या त्यांच्या गावात हे सगळ्यांना माहीत होतं. पुष्पाबाई पोटुशी असताना भर ग्रहणात विळी घेऊन गिलकी चिरायला बसली, सासू दाराआडून ओरडली तोवर दोन फोडी झाल्या होत्या. असं सासू सांगायची, आत्या सांगायची, सुईण सांगायची. आई स्वतः कधी सांगायची नाही, आणि नाहीही म्हणायची नाही. चारुलता शिकली, नोकरीला लागली, जळगावात पिंप्राळ्याला दोन खोल्यांचं घर घेतलं, आईला डॉक्टरांकडे नेऊन तिच्यासमोर डॉक्टरांच्या तोंडून वदवून घेतलं की असं काही नसतं बाई, गर्भातच वाढ थांबते, कुणाचा दोष नाही. आईनं मान हलवली. बाहेर येऊन म्हणाली, ‘डॉक्टर चांगला शे.’ आणि घरी आल्यावर पुन्हा चारुलताच्या ब्लाउजची डावी बाही दोन बोटं लांब करायला बसली. आई तिला सगळं लांब शिवायची. फोटोत डाव्या बाजूला नेहमी भाऊ, भूषण, उभा. भूषणच्या लग्नाच्या अल्बममध्ये चारुलताला हातच नाहीत. एकावर शालू, दुसऱ्यावर आरतीचं ताट.

तालमीत सगळे जमल्यावर ती म्हणाली, ‘सर, ते वाक्य मी नाही म्हणणार.’

‘का गं? एवढं ताकदीचं वाक्य आहे.’

‘आक्का कशाला सांगेल? ती कुणाला काही सांगत नाही.’

‘आक्का नाही, नाटक सांगतंय,’ सर समजावणीच्या सुरात म्हणाले. ‘हे बघ. तू आलीस की प्रेक्षक हाताकडे बघणार. बघणारच. मग त्याच्या मनात प्रश्न. प्रश्न पडला की तो नाटकातून बाहेर गेला. एका वाक्यात उत्तर दिलं की तो मोकळा. परत आत.’

‘हितेंद्रला चष्मा आहे,’ ती म्हणाली. ‘वकिलाला नंबर कधी लागला ते कुठे लिहिलंय?’

वकील करणाऱ्या हितेंद्रनं चष्मा काढून पुसला. दोघं-तिघं हसले. सरही हसले. ‘चष्म्याचं वेगळं असतं चारू.’ ते वेगळं कसं असतं ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. मग मोहिनी हळूच म्हणाली, ‘ताई, मला आवडलं ते वाक्य. मला तिथं तुमची दया येते. आणि मग तुम्हीच मला हाकलता, तेव्हा जास्त लागतं.’ पोरगी खरं बोलत होती. तिच्या डोळ्यांत काही खोट नव्हती. चारुलतानं मात्र मनात हिशेब केला. म्हणजे आक्काला आधी दया कमवायची, आणि मग ती खर्चून वाईट वागायचं. फुकटात वाईट वागायची सोय नाही. बाकीच्यांना आहे. मागच्या वर्षीचा खलनायक रतिलाल खणखणीत दोन हात घेऊन दोन अंक नुसता वाईट वागला होता, त्याला कुणी कारण मागितलं नव्हतं. हे तिला तिथंच म्हणायचं होतं. पण सर घड्याळ बघत होते, आणि भूमिका अजून तिच्या अंगावर उसन्या शालूसारखी होती, कुणीही येऊन ‘दे गं’ म्हणेल अशी. ती म्हणाली, ‘बरं, करून बघते.’

त्या हिवाळ्यात आई तिच्याकडे राहायला आली होती. संध्याकाळी गॅसवर वांगी भाजत होती, सालीचा करपट वास जिन्यापर्यंत आला होता. जेवणं झाल्यावर चारुलता पाठांतराला बसली आणि आईनं आपणहून चष्मा लावला. चौथी शिकलेली पुष्पाबाई समोरच्याचं काम बोटानं ओळ धरून वाचायची, वकिलाचं, सुनेचं, मुनिमाचं, सगळं एकाच सुरात, पोथीसारखं. ‘आक्का, हाताले काय झालं तुमच्या,’ तिनं वाचलं आणि बोट तिथंच थांबलं. मान वर केली नाही. चारुलतानं पाठ केलेलं वाक्य म्हटलं. घशातून ते आलं तेव्हा तिलाच नवल वाटलं, किती सहज, किती जुनं असल्यासारखं आलं. आईनं त्या ओळीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं.

‘हाई बेस शे,’ ती म्हणाली.

‘काय बेस आहे?’

‘मशीननी लई लिधा. कोनाज माथे दोष नही.’ आणि पान उलटून पुढचं वाचायला लागली.

त्यानंतरचे दिवस चारुलताला कशातच चैन पडेना. पॉलिसीधारकाच्या अर्जावर ती चुकीच्या जागी शिक्का मारायची. रस्त्यानं जाताना दुकानांच्या काचांमध्ये स्वतःला बघायची, आणि बघितल्याचा स्वतःलाच राग यायचा. तालमीत तिनं वाक्य म्हटलं. वाईट नाही, फार चांगलं म्हटलं. पहिल्याच दिवशी दिवे सांभाळणाऱ्या निंबानं मागून ‘वा’ म्हटलं. दुसऱ्या दिवशी मोहिनीच्या डोळ्यांत पाणी. वाक्य म्हणताना तिचा आखूड हात आपोआप किंचित वर उचलला जायचा, कुणाला काही दाखवावं तसा, आणि हॉलमधली सगळी माणसं एकदम मऊ व्हायची. ते मऊपण तिला हवंहवंसं वाटायला लागलं. हेच भयंकर होतं. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या हाताला कारण होतं, लोखंडी, दातेरी, आवाज करणारं कारण. रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला ते मशीन दिसायचं, त्याचे रूळ, उडणारा कापूस. खोटं होतं पण उबदार होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे आईलाही ते हवं होतं. मी वाक्य गाळलं तर कुणाचं काय जाणार? सरांचं एक वाक्य, माझा एक हट्ट, आणि आईचं? दोनशे-तीनशे माणसांसमोर एकदा, फक्त एकदा, कुणीतरी मोठ्यानं सांगणार की ते मशीन होतं. आईनं त्यासाठी नवीन लुगडं काढून ठेवलं होतं. तत्त्वाची गोष्ट खरी. पण तत्त्वाला आई नसते. मग लगेच तिला वाटे, आणि आक्काला कोण आहे? आक्काची बाजू घ्यायला या अख्ख्या जळगावात माझ्याशिवाय कोण आहे? असं उलटसुलट, दळण दळल्यासारखं, प्रयोगाच्या दिवसापर्यंत चाललं. सरांनी अंगावर घ्यायला शाल आणली होती, ‘वाटलं तर घे.’ ती तिनं घेतली नाही. वाक्य म्हणायचंच, हे मात्र तिनं ठरवून टाकलं. मेकअप करताना आरशात बघून तिनं ते तीनदा म्हटलं. तिन्ही वेळा चांगलं आलं.

प्रयोग संध्याकाळचा होता. आई तिसऱ्या रांगेत, शेजारी बसायला खास दोंडाईच्याहून भूषण आला होता. पडदा वर गेला आणि चारुलता पेढीच्या गादीवर येऊन बसली, तेव्हा प्रेक्षागृहातून जी हालचाल आली ती तिला त्वचेवर कळली. खुर्च्या कुरकुरल्या. कुणीतरी खोकलं. कुजबुज एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेली. सर म्हणाले होते तसंच झालं, ते बघत होते. बघू देत, असं तिला वाटलं, आणि त्याच वेळी पाठीतून घाम सुटला. मुनीम आला, त्याला तिनं उभाच ठेवला. सरकीचा भाव पाडला. आखूड हातानं तिनं तिजोरीच्या किल्ल्यांचा जुडगा छातीशी दाबला आणि उजव्या हातानं त्यातली एक किल्ली निवडली, रोज घराची निवडते तशी. कुजबुज हळूहळू विझत गेली. मग हितेंद्र आला, काळा कोट, काखेत कागद. बसला. चष्मा सारखा केला. आवाजात जी काळजी घ्यायची असं सरांनी शिकवलं होतं ती घेऊन त्यानं विचारलं, ‘आक्का, हाताला काय झालं तुमच्या?’

वाक्य तयार होतं. जिभेच्या टोकावर, गोड गोळीसारखं. समोर अंधार होता, पण तिसरी रांग कुठे असेल ते तिला माहीत होतं, आणि तिथं एक नवीन लुगडं पुढे वाकून बसलेलं असेल हेही. माय, घे, हे तुझं, असं मनात म्हणून तिनं तोंड उघडलं. आणि तेवढ्यात तिनं वकिलाकडे बघितलं. खरोखर बघितलं. हा कालचा पोरगा, आपल्या गादीवर बसलेला, आपल्या पैशानं चहा प्यायलेला, ज्याला कागद वाचून दाखवायला बोलावलंय, तो आपल्याला विचारतोय. चारुलताला नाही, चारुलताला सवय होती. आक्काला विचारतोय. आक्काच्या अंगात असा काही संताप चढला की चारुलताला मध्ये पडायला जागाच उरली नाही.

‘वकीलसाहेब,’ आक्का म्हणाली, ‘कागद वाचायला बोलावलंय तुम्हाला. वाचा.’

हितेंद्रचा जबडा खाली आला. हातातले कागद निसटले. प्रेक्षागृहात मोठा, मोकळा हशा आला. तिच्यावर नाही, वकिलावर. तो वाकून कागद गोळा करत होता आणि लोक हसत होते, आणि विंगेत सर डोक्याला हात लावून उभे होते, हे तिला कडेनं दिसलं आणि दिसूनही त्याचं काही वाटलं नाही. तिथून पुढचं नाटक तिला नीटसं आठवत नाही. सुनेचा प्रवेश आला. मोहिनी पायाशी बसली, ‘मी कुठे जाऊ आक्का?’ म्हणाली. दया कुणाच्या खात्यावर जमा नव्हती, त्यामुळे खर्चायलाही काही नव्हतं. आक्कानं तिला दंडाला धरून उठवलं, आखूड हातानं दार ढकललं, आणि त्याच हाताच्या टोकानं तिच्या पाठीला रेटा देऊन उंबऱ्याबाहेर केलं. मोहिनी खरंच रडली. पुढच्या रांगेतली कुणी बाई मोठ्यानं ‘अरे देवा’ म्हणाली. आक्का परत येऊन गादीवर बसली आणि तिनं उरलेला चहा प्यायला.

नंतर मेकअप उतरवताना सर मागे येऊन उभे राहिले. ‘वाक्य गिळलंस.’

‘हो.’

‘हशा आला तिथं.’

‘हो.’

ते आरशातून तिच्याकडे बघत राहिले, काहीतरी मोजावं तसे. ‘नंतर कुणी बघत नव्हतं हाताकडे,’ ते म्हणाले. चांगलं झालं की वाईट, ते त्यांचं त्यांनाच ठरवता आलं नसावं. शाल घडी घालून घेऊन गेले.

पण आई बोलली नाही. रिक्षात नाही, घरी आल्यावर नाही. भूषण ‘ताई, कमाल केली’ म्हणाला, भजी खाऊन दिवाणावर झोपला. आईनं लुगडं बदललं, घडी घातली, पिशवीत ठेवलं आणि म्हणाली, ‘सकाळे मी जास भूषणसंगे.’ अजून आठ दिवस राहणार होती ती. चारुलता भिंतीकडे तोंड करून पडली. झालं. आईला जे हवं होतं ते तिनं तोंडापर्यंत नेऊन काढून घेतलं होतं, आणि वर लोकांना हसवलं होतं. आता आई काय समजत असेल? की मुलीला खोटंसुद्धा आईच्या बाजूनं बोलवलं नाही. की कारण लपवलं, म्हणजे कारण तेच आहे, गिलकी, विळी. तिला उठून आईला हलवून सांगावंसं वाटलं, तसं नव्हतं माय, ती आक्का होती. पण हे कुणाला कसं सांगायचं? पहाटे कुकरच्या शिट्टीनं जाग आली तेव्हा आई दशम्या बांधून तयार बसली होती.

सुरतकडे जाणारी पॅसेंजर फलाटाला लागली होती. भूषणनं खिडकीची जागा धरली, आईला बसवलं आणि पाण्याची बाटली आणायला गेला. चारुलता खिडकीच्या गजाला धरून उभी. आई फलाटापलीकडच्या केळीच्या ट्रककडे बघत होती.

‘माय, राग आला का?’

आईनं मांडीवरची पिशवी सारखी केली.

‘ते वाक्य मी नाही म्हटलं. मशीनचं. तुला हवं होतं ना?’

पुष्पाबाईनं मान वळवली. चेहऱ्यावर खरोखरीचा गोंधळ होता. ‘कोनतं वाक्य?’

‘हाताचं. मशीननं नेला ते.’

‘हां, ते.’ आईनं हवेत हात झटकला. ‘मन्हा ध्यानमाच नही ऱ्हायनं.’ आणि मग रात्रीपासून दाबून धरलेलं सगळं बाहेर आलं. ‘तू बाई शे का कोन शे? तिना धनी मरी गया, तरणी पोर, आन तू तिले धक्का मारी बाहेर काढी दिधी! साधी पिशवीसुद्धा दिधी नही भरी. वर चहा पिनी बसीसन! मी तुले हाई शिकाडं?’

चारुलताला आधी कळेचना. मग कळलं, आणि तिनं गज घट्ट धरला.

‘माय, ते नाटक होतं.’

‘नाटक व्हतं, माले माहीत शे. मी काय येडी शे? तरी.’

‘अगं, पण ती सून जिनिंग विकायला निघाली होती. आक्कानं पंचवीस वर्षं राबून उभं केलेलं. मुलगा गेला, आता तेही जाऊ द्यायचं?’

‘मंग काय पोरले रस्तावर टाकशी?’

‘तिला माहेर आहे!’

‘माहेरमा कोन ठेवस? तुले काय कयस?’

शेजारच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. भूषण बाटली घेऊन आला आणि दोघींकडे बघत दारातच थांबला. घरातल्याच कुणीतरी कुणाला घराबाहेर काढलंय, असं त्याला वाटलं असावं. चारुलताचा आवाज चढला होता; आक्काची बाजू ती जीव तोडून मांडत होती, हिशेब, कामगार, भाऊबंद, आणि आई प्रत्येक गोष्टीला ‘तरी’ म्हणत होती, कपाळाला आठ्या, डोळे तिच्या डोळ्यांवर रोखलेले, कुठेही खाली न जाणारे. गाडीला हिसका बसला. चारुलता गजाला धरून चार पावलं बरोबर चालली, मग गज सुटला.

पुष्पाबाईनं खिडकीच्या गजांना तोंड लावलं आणि फलाटभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, ‘पुढला खेपले तिले घरमा ऱ्हाऊ दे!’